आवतण दिलेली काळी मुसळी

दिगू, परवा तुझं तेरावं झालं. जेवणाआधी पिंप्राळ्यातल्या तुमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये लोक तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द बोलले. तुझ्या शाळेतले एक सर म्हणाले, दिगंबर सरांनी ज्ञान कधी मुठीत धरलं नाही, सगळ्यांना वाटून टाकलं. मग त्यांनी माइक माझ्यापुढे केला. "अक्का, तुम्ही मोठ्या बहीण, तुम्ही बोला." मी नाही म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आवरत नाही. रडू कसलं! संताप आला होता. तोंड उघडलं असतं तर तुझं तेरावं नासलं असतं. म्हणून घरी येऊन लिहिते आहे. अंगणवाडीची रजिस्टरं तीस वर्षं लिहिली, तेवढं लिहिता येतं मला.

वाटून टाकलं म्हणे! काय वाटून टाकलंस ते त्या सरांना कुठे माहीत? त्यांनी डोंगराची ती उतरण पाहिलेली नाही. मी पाहिली आहे.

आपली आई शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्न होऊन एरंडोलला आली आणि तिचा डोंगर सुटला. मला यावलला दिलं तेव्हा ती खूश झाली ती जावयावर नाही, डोंगरावर. माझ्याकडे पहिल्यांदा राहायला आली त्या श्रावणात दोन दिवस आमच्या केळीच्या बागेत फिरून कंटाळली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या सासूला म्हणाली, "याहीनबाई, मी जरा वर जाई येस." सासू बघतच राहिली. विहीण पाहुणी म्हणून येते आणि जंगलात जाते, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आई दिवस मावळायच्या आत परत आली. पायाला चिखल, लुगड्याला कुसळं, आणि चेहरा असा की माहेरचं माणूस भेटून आलंय. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "शे वं पोरी. आठे भी शे." आहे गं, इथेही आहे.

ती म्हणजे काळी मुसळी. आई काई मुसई म्हणायची. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेली तेव्हा मला तर नुसतं गवत दिसलं. सागाच्या सावलीत, दगडांच्या सांदीत, जिथे पाणी मुरतं पण साचत नाही अशा उतरणीवर वीतभर उंचीची घडीची पानं, खजुराच्या कोवळ्या रोपासारखी. आईने पानं बाजूला केली आणि बुडाशी, अगदी मातीला चिकटून, सहा पाकळ्यांचं पिवळंधमक फूल. मूळ बोटाएवढं, सरळ खाली गेलेलं, वरून काळं आणि आत पांढरं. पावसाळा संपला की पानं वाळून जातात आणि उन्हाळ्यात तिथे काही होतं हे कोणाला सांगून पटणार नाही.

आणि तिचे नियम! ते तुला पाठ होते, दिगू, म्हणून तर माझा राग जात नाही. आदल्या संध्याकाळी जायचं, हळदीकुंकवाचे तांदूळ मुळाशी ठेवायचे आणि त्या झाडाला आवतण द्यायचं. कोणासाठी नेणार त्याचं नाव घ्यायचं. "सकाये मी येसू, तुले घर लई जासू. राग धरू नको." सकाळी जाताना वाटेत कोणाशी बोलायचं नाही. लोखंड लावायचं नाही, खैराच्या टोकदार काठीने उकरायचं. शेजारचं मोठं झाड तसंच सोडायचं. "बठ्ठं काढानं नही. मांगे ऱ्हाऊ देवानं." आणि सगळ्यात कडक नियम हा, की एकदा आवतण दिलं की जायचंच. आवतण देऊन गेलं नाही तर त्या झाडाकडे पुन्हा मागायचं नाही. ज्याला जेवायला बोलावलं त्याच्यापुढे ताट मांडलं नाही तर तो पुन्हा आपल्या दारी येईल का, असं ती विचारायची.

तू कॉलेजात होतास तेव्हा हसायचास. "अक्षता टाकून झाडाचं लग्न लावते का गं आई?" ती मुळाच्या चकत्या करून शेळीच्या दुधात भिजवायची, सावलीत वाळवायची, कुटायची, आणि मधात कालवून तुझ्याच तोंडात घालायची. दहावीच्या थंडीत तुझी धाप कशी उठायची ते आठव. त्या वर्षी तुझी धाप बसली ती आईच्या त्या चाटणाने, असं ती म्हणायची. हवा बदलली म्हणून बसली, असं तू म्हणायचास. तुमच्या दोघांच्या त्या भांडणात मी कधी पडले नाही. पण थोडी धाप लागली की डबा शोधायचास तूच.

आईकडे लोक यायचे ते कंबर धरली म्हणून, मूळव्याधीसाठी, धापेसाठी. काही पुरुष मान खाली घालून, चप्पल घासत उभे राहायचे, तेव्हा आई काही न विचारता पुडी द्यायची आणि आत निघून जायची. त्या पुडीबद्दल तिच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही.

आणि तू? तू अख्ख्या जगाला ओरडून सांगितलंस.

रिटायर झालास आणि तुझ्या हातात तो मोबाइल आला. रानातली औषधं म्हणून व्हिडिओ करायला लागलास. आधी मला कौतुक होतं, खोटं का बोलू? तुळस दाखवलीस, माका दाखवलास, बांधावरचा सराटा दाखवलास. सगळं कोणाच्याही दारात उगवणारं. मग एका श्रावणात यावलला आलास आणि म्हणालास, "अक्का, मला आईची जागा दाखव." आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला वाटलं, पोराला आईची आठवण आली. घेऊन गेले. गाढव मी.

त्या दिवशी तू किती आनंदात होतास ते मात्र मी विसरणार नाही. गुडघे टेकून त्या फुलापुढे बसलास. म्हणालास, "तुला माहितीये अक्का, हीच मुसळी चीनमध्ये पण आहे. ते लोक हजार वर्षांपासून औषधात वापरतात. तिकडच्या नावाचा अर्थ अमर झालेल्या माणसांचं गवत असा काहीतरी आहे." मी म्हटलं, "मग तिकडे कोणी मरत नसेल." तू हसलास. मग सांगितलंस की ते ती तांदळाच्या धुवणात भिजवतात, कारण ती फार गरम असते, कच्ची किंवा जास्त खाल्ली तर जीभ सुजते, विष होतं. "आपल्या आईला हे कोणी शिकवलं असेल गं? तिने तर चीन नकाशातसुद्धा पाहिला नव्हता." असं म्हणताना तुझा आवाज बदलला होता. आईला तू आयुष्यात पहिल्यांदा बरोबर म्हणत होतास. मला तुझ्या पाठीवर हात ठेवावासा वाटला होता, ठेवला नाही.

तिथेच तू आणखी एक दाखवलंस. एक लांब पान वाकवलंस, त्याचं टोक मातीला टेकवलंस आणि वर खडा ठेवलास. "टोक मातीला लागलं की तिथून मुळ्या फुटतात, नवं पिल्लू येतं. बी नाही, कंद नाही, नुसतं पान पुरतं." मी म्हटलं, "आलास मोठा, झाडांची बाळंतपणं करणारा." मग मोबाइल काढलास आणि मला म्हणालास, जरा पानं बाजूला धर, फूल दिसू दे. मी धरली.

तो पाच मिनिटांचा व्हिडिओ मी नंतर पाहिला. वर मथळ्यात धावणारा घोडा आणि मोठ्या अक्षरात पुरुषांच्या ताकदीचं काहीबाही. मेल्या, आई असती तर तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला असता. तू आईचं नाव घेतलंस, शिरपूर सांगितलंस, यावल सांगितलंस, फाटा सांगितलास, नाला सांगितलास, त्या वाकड्या सलईच्या झाडासमोर उभा राहिलास. काय सांगितलं नाहीस? आवतण सांगितलं नाहीस. मागे ठेवायचं सांगितलं नाहीस. भिजवायचंसुद्धा सांगितलं नाहीस, का तर व्हिडिओ लांबला असता! आमच्या गल्लीतल्या एकीच्या जावयाने ती कच्ची चावून खाल्ली आणि चार दिवस जीभ बाहेर काढून बसला. लोक हसले. मी नाही हसले. कारण त्या व्हिडिओत पानं बाजूला करणारा हिरव्या बांगड्यांचा हात माझा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा दिवसांत माणसं आली. कुठून आली कोण जाणे. टिकाव घेऊन आली, पोती घेऊन आली. आमच्या मजुरांनी मला सांगितलं तेव्हा मी धावत वर गेले. दिगू, ती उतरण नांगरल्यासारखी झाली होती. सागाची मुळं उघडी पडलेली. जे मूळ हवं होतं ते नेलं, पानं तोडून ढिगाने फेकून दिली. ती पानं अजून हिरवी होती. मी तिथूनच तुला फोन केला आणि नुसतं म्हटलं, "ये. बघ."

आलास. एका दगडावर बसलास. मग मोबाइल काढून व्हिडिओ पुसून टाकलास. बैल गेला आणि झोपा केला! तोवर दुसऱ्या दहा जणांनी तो आपापल्या नावाने टाकला होता. उतरताना आपलं भांडण झालं. तू म्हणालास, "अक्का, लपवलेलं ज्ञान मरतं. आईबरोबर किती गोष्टी गेल्या, मोज." मी म्हटलं, "ज्ञान जगलं, झाड मेलं. आता त्या ज्ञानाचं लोणचं घाल." तू म्हणालास, "मी चांगल्या मनाने केलं." मी म्हटलं, "आई एकदाच मेली होती. तू तिला पुन्हा मारलंस."

हे मी बोलले. माझंच तोंड. ते परत घेणार होते, रागाने राहून गेलं. आणि आता मला हेही कळत नाही की त्या भांडणात बरोबर कोण होतं. आईने मला दाखवलं नसतं तर मलाही ते गवतच दिसलं असतं. एवढं तुझं कबूल. पण आई ती जागा जगाला दाखवायला गेली नव्हती, एकट्या पोरीला घेऊन गेली होती.

त्यानंतर तीन आखाज्या झाल्या. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खान्देशात म्हातारी बाईसुद्धा माहेरी जाते, आणि आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुझं पिंप्राळ्याचं घर. तुझी बायको पुरणाच्या मांड्यांसाठी खापर तापवून ठेवायची, तू बसस्टँडवर स्कूटर घेऊन उभा राहायचास. मी आले नाही. एकदाही नाही. "केळीची कापणी आहे," म्हणून सांगायचे. कापणी नव्हती हे तुलाही माहीत होतं.

आता ऐक. जे कोणाला सांगितलं नाही ते सांगते.

दुसऱ्या वर्षी पावसात मी वर गेले. का गेले माहीत नाही, मेलेल्याच्या घरी जातो तशी गेले. फेकलेल्या पानांचे ढीग कुजून गेले होते. मी खाली बसले आणि त्या कुजक्या काळ्या मातीत मला बोटाएवढं काहीतरी दिसलं. मग दुसरं. मग सगळीकडे. घडीची पानं, इवली इवली. ढिगातल्या पानांची टोकं मातीला टेकली होती, दिगू. त्या टोळीने मुळं नेली आणि पानं कचरा म्हणून टाकली, आणि त्या कचऱ्यातून मुसळी उगवली होती. तू दाखवलं नसतंस तर मी ते गवत म्हणून तुडवून आले असते.

मी रडले. आणि तुला सांगितलं नाही.

तू फोन करायचास. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारायचास, "अक्का, वर काही दिसतं का गं?" मी म्हणायचे, "दगड आहेत." पुढच्या पावसाळ्यात पुन्हा विचारलंस. तेव्हा ती वीतभर झाली होती, एकीला फूल आलं होतं. मी म्हटलं, "दगड आहेत." तू गच्चीवर कुंड्यांमध्ये कुठल्यातरी नर्सरीतून आणून लावलीस म्हणे, ती जळगावच्या उन्हात करपली, आणि ती मुसळी नव्हतीच. तुझी बायको सांगत होती की तू त्या कुंड्यांजवळ खुर्ची टाकून बसायचास. मला वाईट वाटलं नाही. भोग, असं वाटलं. स्वतःला समजावायचे की तुला सांगितलं तर तू कोणाला तरी सांगशील, पोटात राहायचं नाही तुझ्या. तेही खरं होतं. पण त्याहून खरं हे की मला तुझ्या तोंडून तो प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला बरं वाटत होतं.

या उन्हाळ्यात तू अंथरुणाला खिळलास. जेठात मी भेटायला आले, तेव्हा ओळखू येईनास. तुझे डोळे तेवढे तेच. बायको चहा करायला गेली आणि तू माझा हात धरून विचारलंस. तोंडासमोर. "वर काही दिसतं का?" माझ्या ओठांवर आलं होतं. तरी मी म्हटलं, "दगड." तू म्हणालास, "उन्हाळ्यात नाहीच दिसणार. पावसात बघ ना एकदा. बघशील?" एवढं लेकराच्या आवाजात कोणी बोलतं का रे? हाडवैऱ्या, त्या आवाजाने मला मोडलं. बसमध्ये बसल्यावर मी ठरवलं की नुसतं सांगायचं नाही, हातात आणून द्यायची. मुळासकट, फुलासकट, कुंडीत लावून तुझ्या उशाशी ठेवायची, आणि मग बघायचा तुझा चेहरा. पण पान वर यायला पाऊस हवा. एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? आषाढ गेला. श्रावणात फुलं आली.

त्या शनिवारी संध्याकाळी मी वर गेले. एक झाड निवडलं, दोन फुलांचं. हळदीकुंकवाचे तांदूळ ठेवले. आईचे शब्द म्हटले आणि तुझं नाव घेतलं. "मन्हा भाऊ दिगंबर, त्यान्हासाठे."

रविवारी सकाळी खैराची काठी हातात घेऊन, कोणाशी न बोलता, मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि तुझ्या पोराचा फोन आला. नियम होता की बोलायचं नाही. तीनदा वाजला. चौथ्यांदा उचलला.

काय म्हणावं तुला? आयुष्यभर घाई, आणि शेवटीसुद्धा. चार तास थांबता आलं नाही.

आणि परवा तेराव्याला, सगळे गेल्यावर, तुझा पोरगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आत्या, बाबांच्या आठवणीत एक व्हिडिओ करायचाय. ती जुनी मुसळीची क्लिप सापडलीये. बाबा शेवटपर्यंत त्या जागेबद्दल विचारत होते. आता तिथे काही उरलंय का?" तुझेच डोळे, तुझंच चांगलं मन. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "दगड आहेत, बेटा." तो म्हणाला, "मग राहू दे." तुझ्याशी रागाने खोटं बोलले होते, त्याच्याशी शुद्धीत बोलले. आता हे खोटं मला मरेपर्यंत सांभाळायचं आहे, आणि ते माझ्या गळ्यात तू बांधून गेलास.

काल मी वर गेले. आवतण दिलेलं ते झाड तसंच उभं होतं. तांदूळ मुंग्यांनी नेले होते, मातीत थोडं कुंकू राहिलं होतं. दिलेलं आवतण परत कसं घ्यायचं हे आईने शिकवलं नव्हतं. तिच्यावर ती वेळच आली नसेल. मी खाली बसले आणि त्या झाडाला साधंच सांगितलं, की ज्याच्यासाठी बोलावलं होतं तो राहिला नाही, आणि यात तुझी चूक नाही, माझी आहे. मग त्याचं सगळ्यात लांब पान वाकवलं, टोक मातीला टेकवलं आणि वर खडा ठेवला. तू ठेवला होतास तसा.

जागा कुठली ते लिहिणार नाही. माझ्या माघारी हे लिहिलेलं लोक वाचतील, आणि त्यात तुझ्यासारखे चांगल्या मनाचेही असतील. पण तू तीन वर्षं जे विचारत होतास त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. ते घे.

शे, दिगू. आठे भी शे.